पदवी आरोग्याची घे, प्रश्न गुन्ह्याचा ठेव

पत्र

मॅडम, सादर नमस्कार. मी बडोद्याची, वय २६, घर दांडियाबाजारात. एमएसडब्ल्यू झालं आणि आता एका संस्थेत कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस बघते. भाजलेल्या बायकांच्या वॉर्डात बरेचदा जावं लागतं. जबाब घेताना सासू उशाशी उभी असते आणि कागदावर ‘रसोई करतां अकस्माते दाझी जतां’, म्हणजे स्वयंपाक करताना चुकून भाजली, एवढंच उतरतं. पोलिसांकडे ती बाई ‘अपघात’, दवाखान्यात ‘बर्न्सची केस’, आणि आमच्या रजिस्टरात तीच बाई सहा महिन्यांपूर्वी मार खाऊन आलेली. या तीन कागदांचा मेळ कुणी घालत नाही. मला यावरच संशोधन करायचंय, पुढे शिकवायचंय. समोर तीन वाटा आहेत: दुसऱ्या राज्यात क्रिमिनॉलॉजीचं (गुन्हेगारीशास्त्राचं) एमए, गांधीनगरला एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स, किंवा इथेच सोशल वर्कमध्ये पीएचडी, पण इथे जे गाइड मिळतायत त्यांना विषयात रस नाही. बाबा म्हणतात, पोलिसात जायचं तर जीपीएससी, म्हणजे गुजरात लोकसेवा आयोगाची परीक्षा दे, नाहीतर नीट नोकरी धर, हे मधलं लोंबकळणं कशाला? स्थळं बघणं चालू आहे आणि बायोडेटात ‘गुन्हेगारीशास्त्र’ लिहायचं की नाही यावर घरात भांडण झालं. या क्षेत्रात खरंच करिअर आहे का? — मृ., बडोदे

उत्तर

प्रिय मृ.,

करिअर आहे. त्याची पाटी कुठल्या दारावर नीट लागलेली नाही, म्हणून बाबांना ते दिसत नाही. ‘गुन्हा आणि सार्वजनिक आरोग्य’ असा स्वतंत्र विभाग आपल्याकडे सहसा नसतो. हे काम करणारी माणसं मात्र आहेत. कुणी मेडिकल कॉलेजच्या पीएसएममध्ये, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक विभागात, कुणी फोरेन्सिकमध्ये, कुणी मानसोपचारात, कुणी समाजशास्त्रात बसून हेच करतात आणि पगार आपापल्या विभागाचा घेतात. एवढं लक्षात घेतलंस की तुझा निम्मा गुंता सुटतो.

आधी त्या तीन कागदांबद्दल, कारण तुझ्या पत्रातला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे. ब्रिटनमधल्या कार्डिफला जोनाथन शेफर्ड नावाचे जबड्याचे सर्जन होते. मारामारीत तोंड फुटलेले लोक त्यांच्याकडे यायचे. पोलिसांच्या नोंदी ताडून पाहिल्या तेव्हा त्यातल्या बहुतेक मारामाऱ्या पोलिसांपर्यंत पोचल्याच नव्हत्या. मग दवाखान्यात आलेल्याला कुठे मारलं, कधी मारलं, कशाने मारलं एवढं विचारून, नाव गाळून, ती माहिती पोलिसांना आणि नगरपालिकेला द्यायची पद्धत त्यांनी पाडली. कुठल्या गल्लीत, कुठल्या दारूगुत्त्याबाहेर, शनिवारी रात्री किती वाजता, हे कळल्यावर गस्त तिकडे वळली. २०११ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात इतर शहरांशी तुलना छापून आली: कार्डिफमध्ये मारहाणीमुळे दवाखान्यात भरती होणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्या मानाने स्पष्ट घटलं होतं. एका सर्जनने रिसेप्शनवरच्या रजिस्टरात दोन-तीन रकाने वाढवले, आणि त्याचीच पुढे एक अभ्यासशाखा झाली. दोन रजिस्टरांच्या मधली फट तुला दिसली, तशीच त्यांनाही दिसली होती.

तुझ्या वॉर्डाचा प्रश्न तर आपल्याच देशात मोजून झालाय. २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध आला. मृत्युनोंदणी, डॉक्टरांनी दिलेली मृत्यूची कारणं आणि खेड्यांतून घरच्यांना विचारून ठरवलेली कारणं एकत्र करून त्याच्या लेखकांनी २००१ सालचा अंदाज काढला: जळून झालेले मृत्यू १,६३,००० च्या वर. पोलिसांच्या आकड्याच्या सहापट. त्यातल्या सुमारे १,०६,००० बायका, आणि त्याही बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. या वयात एका पुरुषामागे तीन बायका जळून मरतात, याचं उत्तर स्टोव्हला विचारून मिळणार नाही. तरी लेखकांनी ‘खून’ असं कुठे म्हटलं नाही हे ध्यानात घे. स्वयंपाकघरातला अपघात, स्वतःला पेटवून घेणं, घरातली हिंसा, अशा तिन्ही शक्यता त्यांनी समोर ठेवल्या आणि थांबले. वॉर्डात उभं राहून तुला जे दिसतं त्यानंतर हा संयम जड जाईल, पण संशोधक व्हायचं तर तो अंगी बाणवावा लागेल.

आत्महत्यांचंही तेच. २०१० साठी राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोचा, म्हणजे एनसीआरबीचा आकडा होता साधारण १,३४,६००. त्याच वर्षासाठी घरोघर विचारून केलेल्या मोठ्या पाहणीचा अंदाज १,८७,००० निघाला, आणि तोही फक्त १५ वर्षांवरच्या लोकांचा. मधले पन्नास हजार लोक कुठे गेले? ‘चुकून औषध प्यायलं’, ‘पोटात दुखत होतं’, ‘पाय घसरला’ यांत गेले. आत्महत्येचा प्रयत्न हाच गुन्हा असताना घरचे दुसरं काय सांगणार? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्यातली धार काढली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तो सरसकट गुन्हा म्हणून उरलाच नाही. कायदा बदलला की रजिस्टरातली नोंद बदलते का, किती दिवसांनी बदलते, हा प्रबंधाचा विषय आहे. घेतलास तर घे.

आता वाटा. माझा कौल स्पष्ट आहे: एमपीएच कर.

क्रिमिनॉलॉजीवर माझा राग नाही. मध्य प्रदेशातल्या सागरला १९५९ पासून आणि मद्रासला १९६५ पासून हा विषय शिकवला जातोय, ती जुनी घरं आहेत. (आणि क्रिमिनॉलॉजीच शिकायची तर दुसऱ्या राज्यात कशाला? गांधीनगरजवळ लवाडला राष्ट्रीय रक्षा युनिव्हर्सिटी आहे, तिचं पान उघडून बघितलंस का?) पण पुढे शिकवण्याच्या जागा बघ. आपल्याकडे जाहिरात निघते ती विभागाच्या नावाने, आणि क्रिमिनॉलॉजीचे विभाग बोटांवर मोजण्याइतके. एक जागा निघते, तिच्यासाठी देशभरातून अर्ज पडतात. सार्वजनिक आरोग्याचं तसं नाही. संस्था वाढतायत, मेडिकल कॉलेजं वाढतायत, सरकारी प्रकल्प असतात, आणि शिकवायची जागा मिळेपर्यंत तग धरायला संशोधनाची कामं मिळतात.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे गुन्ह्याचा अभ्यास बहुतेक नोंदलेल्या गुन्ह्यांवर चालतो, आणि नोंद ही पोलीस खात्याची कृती असते. एनसीआरबीची मोजायची रीतच बघ: एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले तर त्यातला सगळ्यात गंभीर तेवढा मोजला जातो. बाईला आधी मारलं, कोंडलं आणि मग मारून टाकलं, तर पुस्तकात फक्त खून दिसतो. त्याआधीची तीन वर्षं दिसत नाहीत. सार्वजनिक आरोग्यातला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘कितीपैकी किती?’ केसेस वाढल्या म्हणजे हिंसा वाढली, की बायका पुढे यायला लागल्या? हे वेगळं काढायची हत्यारं एपिडेमिऑलॉजी (आजार लोकांत कसा, किती पसरतो याचं शास्त्र) आणि स्टॅटिस्टिक्समध्ये आहेत, आणि ती वर्गात बसून, गणितं सोडवून, कुणाकडून तरी तपासून घेऊनच हाताला येतात. क्रिमिनॉलॉजीतले सिद्धान्त, व्हिक्टिमॉलॉजी (पीडितांचा अभ्यास), शिक्षाशास्त्र हे तुझ्यासारख्या मुलीला दोन वर्षांत वाचून बरंचसं उमगेल. लॉजिस्टिक रिग्रेशनसारखं आकडेशास्त्राचं तंत्र नुसतं वाचून उमगत नाही. क्रिमिनॉलॉजीवाल्या मंडळींना हे वाचून राग येईल, येऊ दे.

तुझ्या वॉर्डाशी जुळणारी एक गोष्ट सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरातल्या मारहाणीचे प्रश्न एका घरात एकाच बाईला विचारतात आणि तेही पूर्ण एकांत असेल तरच. सासू आत आली, नवरा डोकावला, की ते प्रश्न थांबवायचे. हा नियम कुणीतरी चुका बघून, विचार करून घातलाय. आणि एवढं करूनही त्या पाहणीत हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागितली म्हणणाऱ्या जेमतेम १४ टक्के. तुझ्या संस्थेच्या रजिस्टरात जी बाई येते ती या चौदांपैकी. बाकीच्या शहाऐंशींबद्दल तू तुझ्या रजिस्टरावरून काही बोलू शकत नाहीस. हे कळणं म्हणजेच एमपीएच.

गुजरातेत बसून तर तुझ्या अंगणातच असा विषय पडलाय जो बाकीच्यांना मिळत नाही: दारूबंदी. कायदा १९४९ चा, मुंबई राज्याचा. १९६० ला गुजरात वेगळा झाला तेव्हा तो सोबत आला. त्याच पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत दारू पितो म्हणणारे पुरुष गुजरातेत ६ टक्क्यांच्या आसपास, देशात १९ च्या आसपास. आता जिथे पिणंच गुन्हा आहे तिथे दारात आलेल्या अनोळखी बाईला ‘हो, पितो’ कोण सांगेल? हा आकडा किती संयमाचा आणि किती भीतीचा, कुणाला ठाऊक. दुसरीकडे २००९ ला अहमदाबादेत लठ्ठ्याने, म्हणजे विषारी गावठी दारूने, शंभरावर माणसं गेली, २०२२ ला बोटादकडे चाळिसाहून जास्त. लठ्ठ्यात विष असतं ते बहुतेक वेळा मिथेनॉल. पोटात गेल्यावर शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, दृष्टी जाते, मग जीव. वेळेत दवाखाना गाठला तर उपचार आहे. पण आपण प्यायलो हे सांगणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, म्हणून माणूस आणि घरचे तास घालवतात. ते गेलेले तास मोज. असा प्रबंध पोलिसांनाही वाचावा लागेल आणि डॉक्टरांनाही.

आणि एक भांडवल तुझ्याकडे आहे ज्याची तुला कल्पना नसावी. पंचनामा, जबाब, अकस्मात मोतची (आकस्मिक मृत्यूची) नोंद, हे सगळं हवालदाराच्या घाईच्या गुजराती अक्षरात असतं. बाहेरून आलेला संशोधक ते दुसऱ्याकडून टाइप करून घेतो आणि अर्धं हरवतो. मराठी घरात वाढून गुजराती कागद वाचणारी तू ते थेट वाचशील. दांडियाबाजारातल्या पोरांना हे इतकं अंगवळणी असतं की त्याची किंमत राहत नाही.

पैशाचं बोलू. एमपीएचची फी लाखांत जाते, हे मान्य. गांधीनगरची पब्लिक हेल्थची संस्था २००८ पासून आहे, २०१५ पासून ती स्वतः युनिव्हर्सिटी आहे. शिष्यवृत्तीचं काय ते थेट ऑफिसला फोन करून विचार, वेबसाइटवर विसंबू नकोस. त्याआधी किंवा त्यासोबत सोशल वर्कचं नेट, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा दे. ते वर्षातून दोनदा असतं, तुला आजच देता येतं, आणि २०२४ पासून पीएचडीच्या प्रवेशालाही तेच गुण चालतात. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये. शिवाय सोशल वर्कचं नेट गाठीशी असलं की उद्या सोशल वर्कच्या जागेलाही तुझा अर्ज चालतो. असिस्टंट प्रोफेसरचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, हा आकडा बाबांना तोंडपाठ करून सांग. त्याच्या आधीची चार-सहा वर्षं प्रकल्पांवर, सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरवर जातात, हेही सांग. लपवू नकोस.

फी जमलीच नाही तर? मग इथेच पीएचडीला नाव नोंदव, पण आहे त्या अवस्थेत नको. विषयात रस नसलेला गाइड म्हणजे पाच वर्षांची शिक्षा. सोशल वर्कमध्ये गाइड असू दे आणि मेडिकल कॉलेजच्या पीएसएम किंवा फोरेन्सिकमधून को-गाइड मिळव. नियमात ते बसतं. आकडेमोडीसाठी लांब जायला नको: सयाजीराव युनिव्हर्सिटीच्या स्टॅटिस्टिक्स विभागात पॉप्युलेशन रिसर्च सेंटर आहे, तिथल्या लोकांचं आयुष्य मृत्यू आणि जन्म मोजण्यात जातं. जाऊन बस त्यांच्यात.

तू विचारलं नाहीस, पण या कामात मुली कुठे अडकतात ते आधीच सांगून ठेवते. वकिलाला अशिलाचं गुपित राखायची मुभा असते, संशोधकाला आपल्याकडे तशी नाही. कोर्टाने मागितल्या तर तुझ्या वह्या द्याव्या लागतील. म्हणून नावं वहीत लिहायचीच नाहीत. नावांची किल्ली वेगळ्या जागी, आणि काम संपलं की नष्ट. आणि पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम १९ पाठ कर. मुलाखतीत कुणी अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराचं सांगितलं तर ते कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे, न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा. ही गोष्ट संमतिपत्रात आधीच लिहायची, बोलणं सुरू होण्यापूर्वी वाचून दाखवायची. संशोधनाला परवानगी देणारी एथिक्स कमिटी हा प्रश्न विचारेलच. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं उघडून कैदी आणि इतर दुबळ्या गटांबद्दलचा भाग वाच, मग कमिटीसमोर जा. तुरुंगातलं काम करायचं ठरवलंस तर कमिटीच्या वर तुरुंग खात्याची परवानगी, आणि तिला किती महिने लागतील ते ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. पहिल्या प्रबंधासाठी तुरुंग घेऊ नकोस. दवाखान्याचं रजिस्टर घे.

संस्थेतली नोकरी सोडतानाही घाई नको. मुंबईत टिसचा (टाटा समाजविज्ञान संस्थेचा) स्पेशल सेल १९८४ पासून पोलिसांच्या आवारात बसून बायकांच्या तक्रारी घेतोय. वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात २००० च्या सुमारास ‘दिलासा’ हे हिंसा सोसलेल्या बायकांसाठीचं केंद्र उभं राहिलं, सेहत ही संशोधन संस्था आणि महापालिका यांनी मिळून. दोन्हीकडे आधी सेवा होती, संशोधन तिच्या पोटातून आलं. तुझ्या संस्थेशी लेखी बोलून ठेव की पुढे त्यांच्या जुन्या नोंदी, नावं गाळून, वापरता येतील का. आज तुझं तिथे वजन आहे. राजीनामा दिल्यावर तोच कागद मागायला दहा चकरा माराव्या लागतील.

आता घरचं. बायोडेटात ‘पब्लिक हेल्थ’ लिहा, वाद मिटला; ते खरंही असेल. पण स्थळाशी पहिल्या भेटीत सांग की तुझं काम वॉर्डात, चौकीत आणि कधीकधी शवागाराच्या दारात असणार आहे. ज्याला हे ऐकून चहा घशाखाली उतरत नाही तो आधीच गेलेला बरा. लग्नानंतर पीएचडी बुडते या भीतीवर मात्र कागदी उत्तर आहे: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला सहा वर्षं, दोन वर्षं वाढवून, आणि बायकांना आणखी दोन, शिवाय पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा. आईला हे वाचून दाखव. बाबांच्या जीपीएससीबद्दल एवढंच म्हणेन की डीवायएसपी झालीस तर त्या तीन कागदांपैकी एकाच कागदावर तुझी सही असेल आणि उरलेले दोन बघायला तुला वेळ नसेल.

मनावर येईल, हे धरून चाल. भाजलेल्या माणसाचा वास कपड्यांतून जातो, डोक्यातून लवकर जात नाही. रोज वॉर्ड करू नकोस, आठवड्याचे दिवस ठरव, आणि तुझ्यासारखंच काम करणारी एक तरी मैत्रीण शहरात असू दे जिच्याशी नावं न घेता बोलता येईल. जबाबाच्या वेळी सासू उशाशी असते ना, तिथे आज, संशोधक न होताही, एक करता येतं: सिस्टरला सांगून ड्रेसिंगच्या वेळी नातेवाइकांना बाहेर काढायचं आणि तेव्हा बाईशी बोलायचं. वॉर्डातल्या सिस्टर हे डॉक्टरांपेक्षा लवकर समजतात.

या महिन्यात एकच काम कर. तुझा प्रश्न एका पानावर मांड: कुठलं रजिस्टर, कुठल्या वर्षांचं, त्यातून काय मोजणार, त्यातून काय मोजता येणार नाही. शेवटचा मुद्दा वगळू नकोस, चांगला गाइड आधी तोच वाचतो. ते पान गांधीनगरच्या दोन प्राध्यापकांना आणि इथल्या पीएसएममधल्या एकांना मेल कर. ‘आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची तीव्र इच्छा’ वगैरे काही नको, त्यांचा एक निबंध वाचून त्यातली एक शंका विचार. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर तेच मेल पुन्हा पाठव, आणि तरी नाही आलं तर सरळ ओपीडी संपायच्या वेळी जाऊन भेट.